एकशे बारा डोकी आणि मी

मित्रांनो, मी केस कापायचं एक जुनं मशीन आहे. विजेचं नव्हे, हाताने दाबायचं. दोन मुठी, एक स्प्रिंग, एक स्क्रू आणि एकावर एक बसलेल्या दातांच्या दोन ओळी, एवढाच माझा संसार. साकाता गावच्या या शाळेत काचेच्या कपाटात मी बसलेलो असतो. तुम्ही काचेला नाक लावून मला बघता आणि बाई तुम्हाला सांगतात, "बघा, या मशीनने किती काम केलंय!" तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं होतं. काम केलं हे खरं. पण त्यातलं एक काम असं झालं, की ते सांगितल्याशिवाय मला तुमच्याकडून कौतुक करून घ्यायचं नाही.

माझा जन्म ओसाकाच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी या गावात हानावांच्या केशकर्तनालयात आलो. तेव्हा मी असा चकाकायचो, की थोरले हानावा माझ्यात बघून स्वतःच्या मिश्या नीट करत. त्यांचा मुलगा तोकुजी माझ्यावरच हात बसवून कारागीर झाला. थोरल्या हानावांचा एक नियम होता. एक डोकं झालं की मला ब्रशने तीनदा झाडायचं, फडक्याने पुसायचं, तेलाचा एक थेंब द्यायचा आणि मगच दुसरं डोकं. "एकाचा केस दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये," असं ते म्हणत. तोकुजी मान डोलवायचा आणि मनातल्या मनात कंटाळायचा. मलाही ते झाडणं फार होतंय असं वाटे. आज त्या नियमाची आठवण झाली की माझा स्क्रू आवळल्यासारखा होतो.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसे. नवं वर्ष मोकळ्या मानेने सुरू व्हावं म्हणून सगळं गाव डोकी घेऊन यायचं. त्यात सुक्या मासळीवाल्या तोमेबाई आपल्या पोराला, सोकिचीला, कानाला धरून आणायच्या. तो खुर्चीत बसला की पकडलेल्या सापासारखा वळवळायचा. मग माझ्या दातांत त्याचा केस ओढला जायचा आणि तो बोंब ठोकायचा, "चावतंय! आई गं, हे चावतंय!"

"चावू दे," तोमेबाई म्हणायच्या. "तूही मला कमी चावत नाहीस."

सगळे हसायचे. मीही मनात हसायचो. माझे ते दिवस सुखाचे होते आणि सुखाचे आहेत हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग युद्ध आलं. थोरले हानावा तोवर वारले होते. तोकुजी अडतिसाव्या वर्षी सैन्यात ओढला गेला. न्हावी तिथेही लागतातच, म्हणून त्याने मला कापडात गुंडाळून बरोबर घेतलं. तीन आठवडे जहाजाच्या पोटात हेलकावे खाऊन आम्ही दक्षिणेकडच्या एका बेटावर उतरलो. बेट कसलं, समुद्रातून डोकं वर काढलेला खडक होता तो. विहीर एकही नव्हती. टाक्यांत साठलेलं पावसाचं पाणी माणशी रोज एक बाटली मिळे, पुढे पुढे अर्धीच. त्यामुळे मला धुणं बंद झालं, आणि खारट वाऱ्याने माझ्या चकचकीत अंगावर पहिल्यांदा तांबूस ठिपके आले.

त्या बेटाचे सेनापती होते जनरल मोतेगी. सडपातळ, थोडे वाकलेले, डोकं पार पांढरं. ते ओरडत नसत. सकाळी सैनिकांबरोबर भुयारं खणायला उभे राहत, अर्धी बाटली पाणी दिवसभर पुरवत आणि जेवणात सैनिकांइतकाच भात आणि मुळ्याचं लोणचं घेत. सैनिक त्यांच्यासाठी जीव टाकायचे. पण मी एक गोष्ट पाहिली होती. ते कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. कुणी सलाम केला, की त्यांची नजर त्याच्या टोपीवर नाहीतर खांद्यावर जाई.

दर दहा दिवसांनी ते दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यावर तोकुजीसमोर पाठ करून बसत. तिथे आरसा नव्हता. "आरसा नाही ते बरं आहे," ते एकदा म्हणाले होते. तोकुजी त्यांच्या पाठीमागे उभा असे, त्यामुळे तिथे त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. म्हणूनच ते तिथे बोलत असावेत.

"हानावा, बाहेर पोरं काय बोलतात?"

"आपली जहाजं कधी येणार, एवढंच विचारतात साहेब."

"कुणाला विचारतात?"

"मलाच. म्हणतात, तू साहेबांच्या कानाजवळ असतोस, तुला ठाऊक असणार."

माझ्या दातांचा कुटकुट आवाज तेवढा चालू होता. मग हवापाण्याविषयी बोलावं तशा सुरात जनरल म्हणाले, "जहाजं नाहीत. येणार नाहीत. मला इथे पाठवलं तेव्हाच मला हे सांगितलं होतं."

तोकुजीचा हात थांबला. भुयाराच्या तोंडाशी याच जनरलांच्या सहीचा कागद डकवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, तीन महिने टिकून राहा, आरमार येत आहे.

"कापत राहा," जनरल म्हणाले. "आणि हे बाहेर जाता कामा नये. त्यांना अजून पुष्कळ खणायचं आहे. कशासाठी खणतोय हे कळलं, की माणसाचा हात चालत नाही."

"होय साहेब," तोकुजी म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही तिघेही मूग गिळून बसलो. मी तर यंत्रच, मला बोलता येत नाही, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण ज्याला माहीत असतं आणि जो गप्प बसतो, त्याच्या वाट्याला काहीतरी येतंच, असं मला आता वाटतं.

आमच्याकडे एक रीत आहे. दूर लढायला गेलेल्याची हाडं घरी येतील याची खात्री नसते. म्हणून चिमूटभर केस आणि नखं कागदात बांधून घरी पाठवतात, आणि घरचे ती पुरून वर दगड उभा करतात. तोकुजीने महिनाभराने धीर करून जनरलांना विचारलं, "साहेब, पोरांचे केस घेऊन ठेवू का?"

"तसा हुकूम काढला, तर सगळे समजायचं ते समजतील."

"हुकूम नको. मी कापतोच आहे. खाली पडतात त्यातलेच चिमूटभर बाजूला ठेवीन. कुणाला कळणार नाही."

जनरलांनी मान हलवली. "ठेव."

"आणि आपले, साहेब?"

"माझे नकोत." ते इतकं चटकन बोलले, की मी दचकलो. "एवढ्या जणांना इथे धरून ठेवणारा मी. ते गेले आणि माझे केस तेवढे मानाने घरी गेले, असं नको. माझे वाऱ्यावर सोड."

तोकुजी त्यांचे केस फडक्यावरून झटकायचा आणि ते पांढरे केस समुद्राकडे उडून जायचे. बाकीच्यांच्या चिमट्या तो सिगारेटच्या कागदात बांधून, वर नाव लिहून, एका डब्यात ठेवायचा. जिवंत माणसांचे असे कागद बांधताना तो प्रत्येक नाव दोनदा वाचून बघायचा. माझ्यातून मात्र कुठलाही केस सारख्याच आवाजाने कापला जाई.

मग तो दिवस आला. सकाळीच कळलं, की एक पाणबुडी येतेय. थोडे तांदूळ उतरवून ती संध्याकाळी परत जाईल. टपाल नेईल आणि आजारी, जखमी अशी सात माणसं नेईल. त्यानंतर पुन्हा काही येणार नव्हतं, हे फक्त आम्हाला ठाऊक होतं. तोकुजीच्या डब्यात अजून एकशे बारा जणांचे कागद कमी होते. तो धावत जनरलांकडे गेला. "आज सगळ्यांना बसवू द्या साहेब. पण एकदम इतक्यांना का बसवतोय, असं विचारतील."

"मी आधी बसतो," जनरल म्हणाले. "तपासणी आहे असं सांग. माझं झालं, की ओळीने बाकीचे."

आमच्यात सगळं हुद्द्याप्रमाणे चालतं. आंघोळ असो, जेवण असो, मोठा आधी. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. जनरल भर उन्हात खोक्यावर बसले आणि मी त्यांच्या दहा दिवसांच्या पांढऱ्या केसांतून फिरलो. ते उठले आणि बाजूला उभे राहून गळपट्टीचं बटण लावू लागले. पुढचा माणूस बसला. ब्रश बाजूलाच होता. तोकुजीने त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या ओळीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि मला नुसतं एकदा गुडघ्यावर आपटून सरळ पुढच्या मानेला लावलं. तेल नव्हतं, फडकं नव्हतं, झाडणं नव्हतं. जनरलांचे केस माझ्या दातांत तसेच अडकलेले होते.

आणि बसलेला माणूस होता सोकिची.

आता तो चोवीस वर्षांचा धिप्पाड गडी झाला होता आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला खणणाऱ्या तुकडीत होता. खणताना दरड कोसळून त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं चिरडली होती. सात जणांच्या यादीत त्याचं नाव पाचवं होतं.

"तोकुकाका, हे अजून चावतं का हो?"

"गप बस. मान खाली."

"आई गं! चावतंय की! म्हातारं झालं तरी खोड गेली नाही याची." ओळीतले सगळे हसले. मग सोकिची हळू आवाजात म्हणाला, "काका, एक विचारू? मी जाऊ की नको?"

"कुठे?"

"त्या पाणबुडीतून. हात काय, उजवा आहे अजून. महिन्याभरात आरमार येणार, सगळे एकदमच घरी जाणार. आणि मी तेवढा तीन बोटं पुढे करून आधी पळालो, असं गावात म्हणतील. आईला बाजारात ऐकून घ्यावं लागेल. तो ताकियामा तापाने फणफणलाय, त्याला माझी जागा देतो म्हणतो." तो थोडा थांबला. "तुम्ही खरं सांगा. तुम्ही साहेबांच्या जवळचे. जहाजं येणार ना?"

मित्रांनो, तोकुजीच्या हाताचा घाम मला लागला. तीन पावलांवर जनरल उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांची बोटं बटणावर थांबली. एक शब्द पुरला असता. 'जा' एवढा एकच शब्द. तो जनरल बोलू शकले असते, तोकुजी बोलू शकला असता.

जनरलांनी बटण लावलं आणि ते भुयाराकडे चालू लागले.

"येणार," तोकुजी म्हणाला.

"बघा, मी म्हटलंच होतं!" सोकिची उठला, मान झटकली आणि चांगल्या हाताने तोकुजीच्या पाठीवर थाप मारली. "मग इथेच भेटू पुढच्या कटिंगला. तोवर याला धार लावा."

संध्याकाळी पाणबुडी गेली. डब्यातले सगळे कागद गेले आणि पाचव्या जागेवर तापाने फणफणलेला ताकियामा गेला. तो आचारी होता. तो वाचला आणि म्हातारा होऊन मेला, हेही मला सांगायला हवं. पण त्याने माझ्या मनाचं ओझं कमी होत नाही.

दहा दिवसांनी जनरल पुन्हा खोक्यावर बसले. निम्मं डोकं झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"मीही, साहेब."

"तू माझ्या हुकमात होतास."

"तो मला काका म्हणत होता," तोकुजी म्हणाला.

पुढचं मी लांबवत नाही. शत्रूची जहाजं आली, ती मात्र क्षितिजभर आली. बेट महिनाभर जळत राहिलं. सोकिची पहिल्याच आठवड्यात भुयाराच्या तोंडाशी पडला. शेवटी पाणीही संपलं, तेव्हा उरलेल्या थोड्यांना घेऊन जनरल बाहेर पडले ते परत आले नाहीत. निघताना त्यांनी पहिल्यांदाच एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि ते पाहणं कुणाला सोसवलं नाही. तोकुजी ढिगाऱ्याखाली बेशुद्ध सापडला. मी त्याच्या खिशात होतो. कैदी म्हणून दीड वर्ष काढून आम्ही दोघे साकाताला परतलो.

गावात त्याला कुणी वाईट बोललं नाही, पण नीट बोललंही नाही. एकटाच परतलेला माणूस डोळ्यांत सलतो. तरी दुकान उघडलं. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, दार सरकवून तोमेबाई आत आल्या. पाठीवर सुक्या मासळीची टोपली होती. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी पदरात हात घालावा तसा किमोनोच्या गळ्यातून सिगारेटचा कागद काढला.

"तोकु, हे अक्षर तुझं ना?"

"होय तोमेताई. माझं."

"मग मला सांग." त्यांनी कागद उलगडला. काळ्या बारीक केसांत पांढरे केस होते. "माझा पोर चोवीस वर्षांचा होता. त्याच्या बापाचे साठाव्या वर्षीही काळे होते. माझ्या पोराचे केस पांढरे कशाने झाले? काय बघितलं त्याने तिथे? दोन वर्षं मी रोज हे उघडते आणि रोज विचार करते, की तो किती घाबरला असेल." त्यांनी कागद त्याच्यापुढे धरला. "मी हे अजून पुरलेलं नाही. आधी मला कळू दे."

मित्रांनो, दोन वर्षं! माझ्या दातांतल्या घाणीने एका आईला दोन वर्षं असं जाळलं होतं.

"तो घाबरला नव्हता," तोकुजी म्हणाला. "थट्टा करत होता. हे पांढरे त्याचे नाहीत. त्याच्या आधी जनरलसाहेब बसले होते. मी मशीन झाडलं नाही."

तोमेबाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. तोकुजी इथे थांबला असता तर चाललं असतं. त्या शांत होऊन घरी गेल्या असत्या. मलाही मनातून तसंच वाटत होतं, हे कबूल करतो. पण तोकुजी जमिनीवर बसला, कपाळ फरशीला टेकवलं आणि सगळं सांगितलं. यादीतलं पाचवं नाव, ताकियामा, तो प्रश्न आणि आपलं 'येणार'.

"तुला ठाऊक होतं?"

"होय."

"आणि तू त्याला राहा म्हणालास."

"राहा म्हणालो नाही. पण..."

"तेच ते!" तोमेबाई ओरडल्या. "शब्द मोजू नकोस माझ्यापुढे! अरे, दहा वर्षं मी त्याला या खुर्चीत बसवला. तुझ्या भरवशावर त्याचा कान सोडला मी!"

चुलीवरच्या किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं. मग तोमेबाईंनी विचारलं, "त्या जनरलच्या घरी काय गेलं?"

"हाडांऐवजी सरकार पाठवतं ती पांढरी पेटी. आत नावाची चिठ्ठी. त्यांनी स्वतःचे केस पाठवू दिले नाहीत."

"बायको आहे?"

"आहे. मात्सुमोतोला."

तोमेबाईंनी खिडकीपाशी बसून चिमटा मागितला आणि एकेक पांढरा केस निवडला. नऊ निघाले. ते त्यांनी दुसऱ्या कागदात बांधले. "माझ्या पोराच्या दगडाखाली याला जागा नाही," त्या म्हणाल्या. "पण फेकायचेही नाहीत. कुणीतरी रिकामी पेटी घेऊन बसलीय. तू नेऊन दे. टपालाने नाही, स्वतः. आणि मला सांगितलंस तेवढंच तिलाही सांग. एक शब्द कमी करू नकोस. ते झाल्यावरही माझ्या दारात येऊ नकोस."

तोकुजी मात्सुमोतोला गेला, मला बरोबर घेऊन. जनरलांची बायको एका शिंप्याच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होती आणि काजं शिवत होती. तिने सगळं ऐकलं. बटणावर थांबलेल्या बोटांपाशी तोकुजी आला, तेव्हा तिच्या हातातली सुई खाली पडली.

"त्यांनी नको म्हटलं होतं ना? मग मी कशी घेऊ?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी त्यांच्यामागून किती जण बसले?"

"एकशे बारा."

"म्हणजे त्यांचे केस अजून कितीतरी घरी असतील. कुणाकुणाला असंच जाळत." तिने तोंड झाकून घेतलं. ती रडली आणि मग कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला. "हे त्यांनी पाठवलेलं नाही. त्या आईने पाठवलंय. म्हणून घेते."

त्यानंतर तोकुजी ज्यांची नावं आठवली त्यांच्या घरी एकेक करून जाऊन आला. कुणी चहा दिला, कुणी दार लावलं. मला त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि पुन्हा कधी हातात घेतलं नाही. मला त्याचा राग नाही. तोकुजी गेला, दुकान गेलं आणि मी तुमच्या कपाटात आलो. तोमेबाई तर त्याआधीच गेल्या. शाळेमागच्या टेकडीवर त्यांचा दगड आहे, सोकिचीच्या शेजारी.

मित्रांनो, वापरलेली वस्तू झाडून, पुसून ठेवा, एवढं तर तुम्हाला घरीही सांगतात. मला आणखी एक मागायचं आहे. माझ्या स्प्रिंगखाली, स्क्रूच्या मागे, एक केस अडकलेला आहे. काळा. त्या दिवशी सोकिची "चावतंय" म्हणून ओरडला, तो हा. कागदात गेला नाही, आईला मिळाला नाही. मी इतकी वर्षं तो धरून बसलोय. एखाद्या दिवशी बाईंना सांगून कपाट उघडा, माझा स्क्रू सोडवा आणि तो टेकडीवर नेऊन ठेवा. वाटेत कुणी विचारेल, हा कुणाचा केस आणि इतके दिवस कुठे होता. तेव्हा खरं काय ते सांगा.